कुड्याच्या सालीचं तिसरं वर्ष

प्रिय आत्या,

सप्रेम जयभीम.

तू गेल्यापासून तुझ्याशी बोलायचं ते मी मनातल्या मनात बोलतोच. कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कामाला बसलो असतानासुद्धा बोलतो. पण गेल्या आठवड्यात तिसऱ्या वर्षाची साल मोजायची वेळ आली, आणि जे झालं ते तुला नीट, क्रमानं सांगायला हवं. तोंडी सांगताना माझं पुढचं मागे होतं, हे तू जाणतेस. म्हणून कागद घेतला. शब्द अडले तिथे तुझाच शब्दकोश उघडला आहे, तेव्हा चुका काढायला तुला फार जागा नाही.

सुरुवात भीमबाईपासून करतो, कारण हे सगळं तिनेच तर सुरू केलं!

टेकडीवरच्या कोलामगुड्यातली, त्या आदिवासी वस्तीतली भीमबाई दर आठवड्याला आपल्याकडे डिंक, चारोळी, काय काय घेऊन यायची. त्या दिवशी मात्र ती रिकाम्या हातानं आली होती. तिच्या नातवाला आव लागली होती, रक्त पडत होतं. तिनं कुड्याच्या सालीचा काढा दिला, पण गुण आला नाही. तू आधी पोराला साखर-मिठाचं पाणी पाजलंस आणि ऑटोत घालून आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात पाठवलंस. पोरगं वाचलं. नंतर भीमबाई पुन्हा आली आणि ओट्यावर बसून तुला म्हणाली, "मॅडम, झाड तेच, हात माहाच, काढाबी तसाच. मागच्या खेपेले थोरल्याचं पोट बांधलं, मंग या खेपेले काऊन नाही बांधलं?"

दुसरी कुठली शिक्षिका असती तर तिनं दोन शब्द सुनावून पाठवलं असतं. तूही पुन्हा असं झालं तर आधी दवाखाना, हे बजावलंसच. पण तेवढ्यावर तू थांबली नाहीस. साल कधीची होती, कुठल्या झाडाची, ठेवली कुठे होती, असं तू विचारत गेलीस. कळलं की साल लेकीच्या लग्नाच्या वेळची होती आणि तेव्हापासून चुलीवरच्या आढ्याला बोऱ्यात टांगलेली होती.

मग तू म्हणालीस, "मले माहीत नाही, भीमबाई. पाहून सांगतो."

आत्या, आपल्या गावात 'मला माहीत नाही' असं चारचौघांत म्हणणारं माणूस मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. आणि तू तर तीस-बत्तीस वर्षं मराठी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली! अर्ध्या तामसी गावाला तूच पदार्थाच्या तीन अवस्था शिकवल्या होत्यास.

मी तेव्हा दहावीनंतरचं इंटर अर्धवट सोडून घरी बसलो होतो. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेलं इंग्रजीतून येईना आणि वर्गात बोलणं सगळं तेलुगूत. घरात प्रत्येकजण मला काहीतरी सुचवत होता. तू काही सुचवलं नाहीस. एक सुरी आणि सोनाराकडून आणलेला जुना काटा माझ्यापुढे ठेवलास आणि म्हणालीस, "तुले घाई जमत नाही, आन् मले घाई न जमणाराच माणूस पाहिजे." माझ्या ज्या गोष्टीला लोक मंदपणा म्हणायचे, तिचं तुला काम होतं. हे मी तुला कधी बोललो नाही. आज बोलतो.

झाडांची वयं तू कशी शोधलीस, ते आठवून मला अजून हसू येतं. कोणत्या झाडाचा जन्म कोण लिहून ठेवतो? पण तू गावाच्या आठवणीतून वयं काढलीस. विजेची तार ओढताना ज्या कुड्याचे बुंधे तोडले होते, त्यांना फुटलेले फोक ही सगळ्यात लहान झाडं. तलावाचा बांध घातल्यावर त्यावर आपोआप उगवलेली ती मधली. आणि भीमबाईच्या बापाला लहानपणापासून आठवत होती, ती टेकडीवरची म्हातारी. प्रत्येक झाडाची एका बाजूची पट्टीच काढायची, चहूकडून सोलायचं नाही, नाहीतर झाड मरतं. मी पट्टी काढताना जरा रुंद धरली तर तू सुरीवर बोट ठेवायचीस.

घरी आल्यावर ती साल सावलीत सुकवायची. नंतर प्रत्येक वयाच्या सालीचे तीन भाग. एक बोऱ्यात, चुलीवर टांगलेला, भीमबाईच्या घरी असतो तसा. एक कापडी पिशवीत, खुंटीला. आणि एक घट्ट झाकणाच्या डब्यात, मागच्या अंधाऱ्या खोलीत. चिठ्ठ्या मी लिहायचो.

कडूपणाला तू अल्कलॉइड म्हणायचीस आणि लगेच समजावायचीस. "झाड कडू होते ते आपल्यासाठी नाही, लेका. किड्यानं खाऊ नये म्हणून होते. आपण मधातच लाभ घेतो." सालीची भुकटी करायची, त्यातला कडू अर्क वेगळा काढायचा, मग त्यावर तपासणीचं औषध थेंबथेंब सोडायचं. नारंगी गाळ बसायला लागला की तू खुर्चीवरून अर्धी उठायचीस. इतकं कशाचं कौतुक होतं तुला? मी तुझ्याकडे बघायचो, गाळाकडे नाही.

किती कडू, हे मोजायला आपल्याकडे साधनं नव्हती. त्यासाठी आदिलाबादची बस धरायची आणि कॉलेजात शेख सरांकडे जायचं. शेख सर तुझे जुने विद्यार्थी. आता त्यांचे केस पांढरे झाले, तरी तू त्यांना 'अरे शेख' म्हणायचीस आणि त्यांच्या वर्गातली मुलं तोंड लपवून हसायची.

पहिल्या वर्षीचं एक सांगायलाच हवं. लहान फोकांच्या सालीचा आकडा अगदी कमी आला होता. तुला तेच हवं होतं, कारण कोवळ्या झाडात कडूपणा कमी असतो असं तुझं म्हणणं होतं. शेख सर खूश झाले, मी खूश झालो. तू मात्र चिठ्ठीवरची तारीख पुन्हा पाहिलीस. परत येताना बसमध्ये तू मला विचारलंस की ती साल आपण काढली त्या दिवशी आभाळ होतं का. होतं. ती साल इतर सालींएवढी सुकलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा आदिलाबादला गेलीस आणि सरांना म्हणालीस, "अरे शेख, आपण पाणी तोललं. साल कमी, पाणी जास्त." आणि स्वतःच्या मनासारखा आलेला आकडा स्वतःच्या हातानं काढून टाकलास! नव्यानं सुकवून मोजल्यावर फरक उरला, पण पहिल्याइतका मोठा नाही. तू म्हणालीस, आता झोप लागेल.

दोन वर्षांत जे कळलं ते तू घरातही सांगितलंस. फोकांच्या सालीत कडूपणा कमी. बांधावरच्या मधल्या झाडांत सगळ्यात जास्त. म्हाताऱ्या झाडांची साल जाडजूड, पण तिच्यावर मेलेला खरखरीत थर इतका की तोलाच्या मानानं कडूपणा भरत नाही. त्यावर स्वयंपाकघराकडे तोंड करून तू आईला म्हणाली होतीस, "आयकलं का, वहिनी? म्हातारपणी जाडी वाढते, कडूपणा वाढतेच असं नाही." आणि आई आतून म्हणाली होती, "कडूपना कोनाचा वाढला ते गावाले इचारा, बाई." तुम्ही दोघी किती हसला होतात!

साठवणीचंही बरंच कळलं. चुलीवरच्या बोऱ्यातली साल वर्षभरातच फार घसरली. धूर, ऊब आणि पावसाळ्यातली ओल तिथे सगळंच असतं. पिशवीतली तिच्या मागोमाग. डब्यातली मात्र दुसऱ्या वर्षीही बऱ्यापैकी टिकून होती. राहिलं होतं तिसरं वर्ष. तुझं म्हणणं होतं, डब्यातली मधल्या झाडाची साल तिसऱ्या वर्षीही फारशी उतरणार नाही. शेख सर म्हणायचे उतरणार. तिसऱ्या वर्षाचं कळलं की भीमबाईला पुरतं उत्तर द्यायचं, असं तू ठरवलं होतंस.

आणि मागच्या हिवाळ्यात तू गेलीस.

छातीत दुखतं हे तू कुणालाच सांगितलं नाहीस. दुसऱ्याच्या पोटदुखीची एवढी चौकशी करणारी तू, स्वतःच्या दुखण्याला एकही प्रश्न विचारला नाहीस? याचा मला राग आहे. तो जाईल तेव्हा जाईल.

तुझ्या पुण्यानुमोदनाला शेख सर आले होते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की काम अर्धं सोडायचं नाही. तिसऱ्या वर्षाची साल मोजू आणि सगळं मिळून कॉलेजच्या अंकात तुझ्या नावानं छापू. तेव्हापासून मला तोच एक ध्यास. तुझं नाव छापलेलं मला पाहायचं होतं. शाळेच्या भिंतीवर माजी शिक्षकांची नावं रंगवलेली आहेत, तिथेही तुझ्या नावाची वेलांटी चुकलेली आहे. निदान एका ठिकाणी तरी ते शुद्ध छापलं जावं, असं मला वाटत होतं.

तर गेल्या आठवड्यात मी ते तीन डबे पिशवीत घालून आदिलाबादला नेले. बसमध्ये मांडीवर धरले, खाली ठेवले नाहीत. सरांनी सगळं मांडून ठेवलं होतं. दिवसभर आम्ही मोजत होतो. संध्याकाळी मधल्या झाडाचा आकडा आला, आणि आत्या, तो अगदी तू म्हणाली होतीस तसाच! उतरला होता, पण थोडासाच. सर खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "मैडम जीत गए." त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले, मी खिडकीकडे गेलो.

मी स्टँडवरून पेढे घेतले. घरी आल्यावर आधी तुझ्या फोटोपुढे ठेवले, मग आईला दिले आणि सांगितलं की आत्याचं खरं ठरलं, साल तिसऱ्या वर्षीही टिकली.

आईचा चेहरा उजळला. "मंग! टिकन कशी नाही? म्या चैतात ऊन दाखवलं होतं ना."

मी विचारलं, कशाला ऊन दाखवलं.

"बाईच्या डब्याईले. तूर काढली वाळवाले, कुरड्या काढल्या, मंग बाईच्या साली काय अंधारात किडू द्याच्या? तीन सुपं घेतले. येगळ्या येगळ्या ठेवल्या, एक तुकडा मिसळू नाही देल्ला. पुन्हा जिच्या तिच्या डब्यात भरल्या."

माझ्या हातात पेढा तसाच राहिला. चैत्रातलं ऊन, गच्चीवर, कितीतरी दुपारी! अंधारात ठेवलेल्या सालीचा हिशेब होता तो. आता ती अंधारातली साल राहिलीच नव्हती.

मी तो पेढा आईच्याच हातावर ठेवला. ती किती आनंदात होती! तुझ्या वस्तूला आपण जपलं, आणि ते कामी आलं, असं तिला वाटत होतं. मी गच्चीवर जाऊन बसलो आणि विचार करत राहिलो. सांगितलं नाही तर काय बिघडतं? आकडा तर तुझ्या बाजूनं आलाय. तुझं नाव छापलं जाईल. आईला वाईट वाटणार नाही. सर खूश राहतील. कुणाचं काहीच जाणार नाही.

पण भीमबाई? तिला आम्ही सांगणार की डब्यात ठेव, तीन वर्षं चालते. ती आमच्यावर विश्वास ठेवून ठेवणार. आणि पुन्हा कुणाच्या पोराला आव लागली, आणि दवाखाना लांब पडला, तर?

सकाळी पहिल्या बसनं मी पुन्हा आदिलाबादला गेलो. शेख सर वर्गावरून आले तेव्हा मी त्यांच्या खोलीच्या दारात उभा होतो. मी म्हणालो, "सर, साल को धूप लगी है. माँ ने सुखाया था, छत पर."

सरांनी हातातला खडू टेबलावर ठेवला. मग म्हणाले की उन्हानं कडूपणा घटेल, वाढणार तर नाही. म्हणजे मॅडमचा खरा आकडा याहून वरच असेल. छापायला हरकत काय? मला ते पटलं. खरं सांगतो, मला ते पटवून घ्यायचंच होतं. मी पाणी प्यायलो आणि निघण्यासाठी पिशवी उचलली.

तेवढ्यात सरांनीच चष्मा काढला. "रुक. धूप में पानी भी तो उड़ा होगा." सालीतली उरलीसुरली ओल गेली असेल, तर तेवढ्याच वजनात साल जास्त बसली, आणि आकडा खऱ्यापेक्षा वर गेला. किती वर, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. ते माझ्याकडे बघून कसंनुसं हसले आणि म्हणाले, "पढ़ाया तो एक ही मैडम ने है ना."

आदल्या संध्याकाळीच छापायला पाठवलेला कागद त्यांनी परत मागवला. अर्धं काम छापायचं नाही, म्हणून अंकात या वर्षी तुझं नाव येणार नाही, आत्या. मला वाईट वाटतं. तुलाही वाटेल का? की तू पुन्हा म्हणशील, आता झोप लागेल?

घरी आल्यावर आईनं माझा चेहरा पाहिला आणि काय बिघडलं ते विचारलं. मी तिला सांगितलं. सोपं करून सांगितलं, तिचा दोष नाही हेही सांगितलं. ती जात्याजवळ बसली होती. हात पुसत म्हणाली, "मंग मले कोनं सांगतलं नाही ते? तुमी दोघं त्या खोलीत दार लोटून काय करता, मले काय मालूम? बाईनं एकडाव तरी आत बलावलं असतं मले."

आत्या, याचं उत्तर तुझ्याजवळ आहे का? सगळ्या गावाला तू समजावून सांगायचीस. भीमबाईला सांगितलंस, मला सांगितलंस, बसमधल्या कंडक्टरलाही एकदा सांगितलंस. आणि जिनं ती खोली रोज झाडली, जिनं भुकटीसाठी आपला मिरच्यांचा खलबत्ता दिला आणि परत मागितला नाही, तिला आपण कधी आत बसवलं नाही. डब्यांवर 'उघडू नये' एवढी एक चिठ्ठीही लावली नाही. ती चिठ्ठी तू सांगितली नाहीस आणि मला सुचली नाही.

मी तुला दोष द्यायला हे लिहीत नाही. तुझ्यासारखं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही आणि पाहीन असं वाटत नाही. पण तूच म्हणायचीस ना, की खरं असेल तर ते आवडत्या माणसाबद्दलही लिहावं?

दोन दिवसांनी पाऊस थांबला आणि ऊन पडलं. मी सुरी घेऊन बांधाकडे निघालो तर आई पायात चपला घालून दारात उभी. म्हणाली, "कोन्तं झाड ते दाखव मले." बांधावर तिनं मला आधी सोलू दिलं नाही. एकाच बाजूची पट्टी काऊन, चहूकडून काऊन नाही, ते तिनं आधी विचारून घेतलं. मग म्हणाली की एवढी पुरते का, आणि नंतर पट्टीचं दुसरं टोक तिनं धरलं. साल निघताना झाडाचं पांढरं दूध तिच्या हाताला लागलं, ते तिनं चाटून पाहिलं आणि तोंड असं केलं की मला हसू आवरेना. "बाईपेक्षा कमीच हाय," ती म्हणाली, आणि मग तिथेच बांधावर पदर तोंडाला लावून बसली. तू गेलीस तेव्हासुद्धा मी तिला एवढं रडताना पाहिलं नव्हतं.

भीमबाईकडेही आम्ही दोघं जाऊन आलो. मी तिला सांगितलं की चुलीवर टांगलेली साल वर्षानंतर फेकून द्यायची, ती कामाची नाही. घट्ट डब्यातली दोन वर्षं बरी राहते. त्यापुढचं आम्हाला माहीत नाही. आणि पोराच्या शौचात रक्त दिसलं की सालीची वाट बघायची नाही, दवाखाना गाठायचा. भीमबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडमबी असंच म्हने, माहीत नाही. आता तूबी म्हनून राह्यला. तुमच्या घरचं कोनी सायन्सवालं नाही काय?" तिचा नातू शेजारी उभा राहून हसत होता. आता चांगला उंच झालाय तो.

आत्या, आता एक वचन देतो. नवी साल सावलीत सुकते आहे, लहान, मधली, म्हातारी, तिन्ही वयांची. या वेळी झाकणांवर चिठ्ठ्या लावीन, आणि त्या काय सांगतात ते आईला वाचून दाखवीन. दरवर्षी एकेक मोजायला आम्ही दोघं शेख सरांकडे जाऊ. मधे मला काट्यावरून कुणी काढलं, लग्न झालं, काहीही झालं तरी हे चालू राहील. आणि तिसऱ्या वर्षी जो आकडा येईल तो तुझ्या नावाखाली जसाच्या तसा छापायला देईन. तू बरोबर निघालीस तरी देईन. तू चुकलेली निघालीस तरी देईन.

तुझा,
सुमेध